चांदणी असलेली पानं

गेल्या महिन्यात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तास संपल्यावर पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, यातलं काय सोडलं त चालते?"

प्रश्नात काही वाईट नव्हतं. उलट शहाणपणाचाच प्रश्न होता. मी पेन्सिल घेतली आणि तिच्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर खुणा करून दिल्या. हे आत्ता वाच, हे परीक्षेनंतर, हे एम.एस्सी.ला गेलीस तर, आणि हे म्हातारपणी वेळ मिळाला तर. ती हसली आणि गेली. मी मात्र लॅबमध्ये तशीच बसून राहिले. समोर खिडकीजवळचं लांब टेबल होतं. त्याच्या डाव्या कोपऱ्याचं पॉलिश कोपर घासून घासून उडालंय. ती थूल सरांची जागा.

थूल सरांना असा प्रश्न विचारायची कोणाची छाती नव्हती. आणि असं उत्तर वेळेवर देणारं थूल सरांना कोणी भेटलं नाही. म्हणजे एकदा भेटलं होतं, पण ते त्यांना कळलं नाही, आणि शेजारी बसलेल्या मलाही नाही.

मी रोहणा या खेड्यातली. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात, आणि हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. वर्धेच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले तेव्हा विभागात थूल सर सगळ्यात ज्येष्ठ. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. विचारलं, "पुस्तक कोणतं वाचून राह्यल्या मॅडम?"

मी म्हटलं, सर, अजून वेळापत्रकच मिळालं नाही.

"वेळापत्रक भेटल. पुस्तकाचं सांगा."

सांगण्यासारखं काही नव्हतं. परीक्षा संपली तशी पुस्तकंही संपली होती. सरांनी मान हलवली, रागावले नाहीत. आठवडाभरात "मॅडम"ची "पोरी" झाली, ती शेवटपर्यंत राहिली. फक्त मुलांसमोर मी मॅडम.

उंच, सडसडीत, रंगानं काळेसावळे. नीळ दिलेला पांढरा शर्ट, आणि त्याच्या खिशात पेनाशेजारी कागदात गुंडाळलेला खडू. कॉलेजचे खडू चिरकतात म्हणून ते स्वतःचा बाळगायचे. खांद्याला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, जुन्या पँटची शिवलेली पिशवी, तिच्यात डबा, आणि डब्यापेक्षा जड असं ते पुस्तक.

सरांचं पुस्तक एकच. क्वांटम फील्ड थिअरीचं, इंग्रजी, परदेशी विद्यापीठांत एम.एस्सी.च्याही पुढच्या मुलांना लावतात ते. आमच्या कॉलेजात त्यातला शब्दसुद्धा शिकवायची वेळ कधी येणार नव्हती. सरांकडे त्याची झेरॉक्स होती, लाल रेक्झिनमध्ये बांधलेली, दोन भागांत. पहिला भाग हाताळून हाताळून इतका मऊ झाला होता की टेबलावर ठेवला की उघड्या हातासारखा पसरायचा. दुसरा भाग कोरा करकरीत. तो घरी कपाटात असायचा, कारण तिथपर्यंत सर अजून पोचलेच नव्हते.

झेरॉक्सची गोष्ट ते मोठ्या अभिमानानं सांगत. तरुणपणी नागपूरला एका वर्गमित्रानं विद्यापीठाच्या लायब्ररीतून ते पुस्तक एका दिवसासाठी काढून दिलं. सर ते छातीशी धरून झेरॉक्सवाल्याकडे गेले. दुकानदारानं विचारलं, कोणता धडा करायचा? सर म्हणाले, "पान नंबर एकपासून शेवटल्या पानापर्यंत. मधलं एकबी सोडू नको." आणि तो करत असताना समोर उभे राहिले, पान न् पान मोजत. "एक पान गळू देलं नाई त्याले," सर सांगायचे.

एवढं सगळं कशासाठी, तर एका आकड्यासाठी. इलेक्ट्रॉन म्हणजे बारीकसं चुंबक. जुनं गणित सांगतं की त्या चुंबकाचा एक आकडा बरोबर दोन यायला हवा. मोजून पाहिला तर दोनपेक्षा इतकुसा जास्त भरतो. हा इतकुसा कुठून येतो ते हे पुस्तक गणितानं काढून दाखवतं. सर एम.एस्सी.ला असताना एका प्राध्यापकांनी तो आकडा फळ्यावर लिहिला होता, आणि हे काही तुमच्या अभ्यासक्रमात नाही, असं म्हणून पुसून टाकला होता. त्यांनी काही कुजकेपणानं पुसला नव्हता, हे सर स्वतःच सांगायचे. पण तो आकडा स्वतःच्या हातानं, पहिल्या ओळीपासून, काढायचा हे सरांनी त्या दिवशी ठरवलं. पीएच.डी. नाही, बढती नाही, कोणाला दाखवायचं नाही. त्यांना हा एक आकडा हवा होता.

आणि तो काढायची त्यांची एक रीत होती. पान पूर्ण समजल्याशिवाय उलटायचं नाही. समजलं म्हणजे काय, तर पुस्तक मिटून सगळी गणितं जुन्या प्रॅक्टिकलच्या पाठकोऱ्या कागदांवर पुन्हा करता आली पाहिजेत, आणि मग ते कोणाला तरी घरच्या बोलीत सांगता आलं पाहिजे. "इंग्रजीत त पोपटबी बोलते," ते म्हणायचे. "आपल्या बोलीत सांगता आलं नाई त समजलं नाई." आणि न समजता पान उलटणं म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणं.

ही रीत त्यांना वडिलांनी दिली होती. वडिलांना वाचता येत नव्हतं. नागपूरला धम्मदीक्षा घेऊन परत आले त्या वर्षी त्यांनी घरात पहिलं पुस्तक आणलं आणि फडक्यात बांधून ठेवलं. सर शाळेत जाऊन अक्षर लावायला लागले तेव्हा ते फडकं सोडून वडील समोर बसले आणि म्हणाले की पहिल्या पानापासून वाच, मधून वाचणारा चोर. सर हे सांगताना हसायचे, पण मी त्यांना मधून वाचताना कधी पाहिलं नाही. वर्तमानपत्रसुद्धा ते पहिल्या पानावरच्या जाहिरातीपासून वाचायचे.

घरच्या बोलीत सांगायला त्यांना हक्काचा श्रोता होता, आमचा लॅब अटेंडंट बबनराव. बबनरावांना भौतिकशास्त्राशी देणंघेणं नव्हतं, पण शनिवारी दुपारी प्रॅक्टिकल संपली की सरांनी आणलेल्या भाजलेल्या शेंगा मिळायच्या. ते शेंगा सोलत ऐकायचे. पुस्तकातल्या रेघांच्या आकृत्यांना ते कोंबडीचे पाय म्हणायचे. "आज किती कोंबड्या चालल्या सर पानावरून?"

एका शनिवारी सर फील्ड म्हणजे काय ते सांगत होते. म्हणाले, "असं समज बबन, जिथं पाहशीन तिथं पाळणा टांगला हाय. या टेबलावर, त्या भिंतीपाशी, दोघांच्या मधातबी. अन् शेजारचे पाळणे एकमेकाले दोरीनं बांधले. एक हालवला त बाजूचा हालते, मंग त्याच्या बाजूचा. ते हालणं पुढं पुढं जाते ना, त्यालेच आपण कण म्हणतो."

"अन् पाळण्यात लेकरू?"

"लेकरू नाई. पाळणा रिकामा."

"रिकामा पाळणा हालवू नये सर," बबनराव शेंग तोंडात टाकायचे थांबून म्हणाले. "लेकराच्या पोटात दुखते."

मला हसू आवरेना. सर मात्र एकदम गंभीर झाले. "इथंच त गंमत हाय," ते म्हणाले. "कोणी हात लावत नाई, हवा नाई, काई नाई, तरीबी रिकामा पाळणा थोडा थोडा हालतच राह्यते. त्याले पुरं थांबताच येत नाई. रिकामं म्हणजे रिकामं नसते बबन. अन् आपला इलेक्ट्रॉन त्या सगळ्या हालत्या पाळण्यायच्या मधून चालते. म्हणून त्याचा आकडा दोन येत नाई. इतकुसा जास्त येते."

बबनरावांनी विचार केला. मग म्हणाले, "म्हणजे पोटात दुखते ते त्याच्या."

सरांनी इतक्या जोरात टाळी दिली की शेंगांची टरफलं खाली पडली. मी पुढे विद्यापीठात, शिबिरात, बऱ्याच मोठ्या लोकांकडून फील्ड ऐकलं. पण मी वर्गात सांगते ते पाळणेच, आणि बबनरावांच्या पोटदुखीसकट.

घरी काकूंचा वेगळा तमाशा. विमलकाकू सरांपेक्षा तल्लख बोलणाऱ्या. एका रविवारी मी जेवायला गेले होते, सर सकाळपासून पुस्तक घेऊन बसलेले. ताट वाढताना काकूंनी विचारलं की आज किती पानं झाली. सर म्हणाले, अर्धं. काकूंनी पोळ्यांच्या चवडीकडे पाहिलं. "अर्ध्या पानाले एवढ्या पोळ्या? पुरं पान झालं त मले चक्कीच लावा लागन घरात." सर खाली मान घालून जेवत राहिले. काकू मला आत घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या की वाचू दे, माणसाला एक काहीतरी पाहिजे, कोणाला पत्ते लागतात, कोणाला राजकारण. मग बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "अर्धं पान!"

आता त्या चांदण्यांचं सांगते.

पुस्तकात काही भागांच्या मथळ्यापुढे चांदणीची खूण होती. आम्ही गाईड वाचून वर आलेली माणसं. आमच्या प्रत्येक गाईडमध्ये ज्या प्रश्नापुढे चांदणी तो हमखास येणारा, तो सोडलास तर मेलास. सरांनी त्या भागांना तसंच धरलं. मीही तसंच धरलं, दुसरं काही असेल असं डोक्यातही आलं नाही. त्यातल्या एका चांदणीच्या भागाशी सर अडले होते. तो भाग असा की तिथं पुस्तक सारखं सांगायचं, याचं कारण पुढे अमक्या प्रकरणात येईल. सर पुढे जाऊन पाहायचे नाहीत. मधून वाचणारा चोर. त्यांचं म्हणणं असं की लेखकानं चांदणी देऊन हे इथं ठेवलंय म्हणजे ते इथंच सुटत असलं पाहिजे, आपलीच अक्कल कमी पडतेय. मग ते मागे जात. पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात, पुन्हा सगळी गणितं, आणि पुन्हा त्याच चांदणीशी येऊन उभे.

मी कॉलेजात लागले तेव्हा सर त्या भागात होते. माझं लग्न झालं तेव्हाही त्याच भागात होते. माझा मुलगा अंगणवाडीत जायला लागला, तेव्हा सर त्यातली दोन पानं ओलांडून गेले, आणि मग त्यांना वाटलं की आपण फसवून ओलांडली. ते परत मागे आले.

आणि मधल्या काळात नागपूरचा तो चर्चासत्राचा दिवस झाला. बाहेरगावचे मोठे प्राध्यापक आले होते, या विषयातलेच. सरांनी मलाही नेलं. भाषण झालं, प्रश्न विचारा म्हणाले, सगळे जेवणाकडे डोळे लावून बसलेले. सर उठले. लाल रेक्झिनचा भाग हातात. सावकाश, प्रत्येक शब्द तोलून, इंग्रजीत त्यांनी त्या चांदणीच्या भागातली आपली अडचण विचारली. प्राध्यापक हसून म्हणाले की तो भाग मी स्वतः कधी वाचलेलाच नाही, विद्यार्थी असताना सोडून दिला तो सोडूनच दिला. सभागृह हसलं. सरही हसले. नमस्कार करून खाली बसले.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी, पिशवी मांडीवर. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते, सोडवत होते. मला वाटलं, लागलं असेल मनाला. सेलू मागे पडलं तेव्हा म्हणाले, "पाह्यलं पोरी? एवढा मोठा माणूस, अन् चार लोकायसमोर म्हणते मी वाचलं नाई. याले विद्या म्हणते. फळ आलं की झाड वाकते."

मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटलं होतं. त्या माणसानं सरळ सरळ खरं ते सांगितलं होतं, आणि आम्ही दोघांनी त्याचा नम्रपणा वर्धेपर्यंत वाखाणत आणला.

सर निवृत्त झाले आणि हिंगणीला, आपल्या गावच्या घरी, राहायला गेले. आता पुस्तकाला पूर्ण वेळ, असं म्हणत गेले. पण निवृत्तीच्या आधीपासून त्यांना बाजूचं दिसेनासं झालं होतं. चालताना खांदा दाराला लागायचा, फळ्यावर ओळ लिहिता लिहिता वर चढायची, मुलं हसायची. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून टिकवायची. सर थेंब टाकायचे आणि वाचायचे. भिंग आलं, मग मोठं भिंग आलं, मग भिंगाचाही उपयोग होईना. साधी अक्षरं कशीबशी लागायची, पण या पुस्तकात अक्षराच्या डोक्यावर अक्षर आणि पायाशी अक्षर, मुंगीएवढं. मी एकदा भेटायला गेले तर म्हणाले, "डोस्क्यावरचे दिसते, पायाखालचे नाई दिसत." आणि विषय बदलून माझ्या मुलाच्या शाळेचं विचारू लागले. आकडा काढायचा तर डोळे आहेत तोवर, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, काकूंनाही माहीत होतं. पोळ्यांवरून बोलणं त्यांनी कधीच बंद केलं होतं.

त्याच सुमारास मला उजळणी वर्गासाठी पुण्याला पाठवलं. तिथल्या लायब्ररीत हिंडताना फडताळात ते पुस्तक दिसलं. झेरॉक्स नाही, खरं. निळं कापडी बांधणीचं. मी इतकी वर्षं त्या पुस्तकाशेजारी बसलेली, पण खरं कधी पाहिलं नव्हतं. हातात घेतलं, सहज पहिलं पान उघडायला गेले, तर पहिल्या पानाच्या आधी पानं होती. रोमन आकड्यांची. आणि त्यात लेखकाची प्रस्तावना.

मी उभ्या उभ्याच वाचली. लेखकांनी अगदी साध्या भाषेत, शेजारी बसवून सांगावं तसं सांगितलं होतं की हे पुस्तक सगळं ओळीनं वाचायचं नाही. कोणत्या प्रकरणानंतर कोणतं घ्यायचं ते लिहिलं होतं. आणि ज्या भागांपुढे चांदणी आहे ते पहिल्या वाचनात खुशाल सोडून द्यावेत, पुढच्या गोष्टी त्यांच्यावर अवलंबून नाहीत. सरांचा आकडा ज्या प्रकरणात होता, तिथं जायला त्या चांदणीच्या भागाची गरजच नव्हती. रस्ता त्याच्या बाजूनं सरळ जात होता.

पान नंबर एकपासून, सर म्हणाले होते. झेरॉक्सवाल्यानं इमानदारीनं एकपासूनच केलं.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी हिंगणीला गेले. त्या पानांच्या प्रती पर्समध्ये होत्या. ओसरीवर सर खुर्चीत, काकू खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी सरांना सांगितलं की पुस्तकाची सुरुवात सापडली. म्हणजे काय, म्हणाले. मी वाचायला लागले. इंग्रजी वाक्य झालं की थांबायचे, कारण त्यांना मनात ते घरच्या बोलीत करून घ्यायची सवय. चांदणीचं वाक्य आलं. मी वाचलं.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

सरांचा हात खिशाकडे गेला, पूर्वी खडू असायचा तिथं, आता तिथं थेंबांची बाटली होती. मग म्हणाले, "मीच सांगतलं होतं त्याले. एकपासून कर म्हणून. उभा होतो ना मी समोर."

काकूंनी विचारलं, काय झालं, काय लिहिलंय त्यात?

"काई नाई," सर म्हणाले. "पंगतीत बसलो होतो. लोणच्यालेच जेवण समजून खात राह्यलो. मान वर केली त पंगत उठून गेली."

काकूंचा हात शेंगांवर तसाच राहिला. मग त्या उठल्या आणि कोणी मागितला नव्हता तो चहा ठेवायला आत गेल्या.

मी म्हटलं, सर, आजच ते प्रकरण काढू. ते नको म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला लवकर निघायला लावलं, जंगलाकडचा रस्ता, वाघाचं काही खरं नाही, बस पकड. एरवी ते वाघाला भिणारे नव्हते.

मला वाटलं, संपलं आता. पण पुढच्या रविवारी गेले तर ओसरीवर टेबल मांडलेलं, वर पंखा लावलेला, आणि कपाटातला तो दुसरा भाग टेबलावर. सर म्हणाले, "काढ पोरी. कुठून घ्याचं ते तुले माहीत हाय आता."

तो भाग उघडताना रेक्झिन कडकन वाजलं.

मग कित्येक रविवार आम्ही ते केलं. मी ओळ वाचायची, आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर जाड मार्करनं मोठ्ठं लिहायची, एका कॅलेंडरवर एकच ओळ. सर ते डोळ्यांशी नेत, मान तिरकी करून कुठूनतरी पकडत, आणि मग डोळे मिटून पुढची पायरी तोंडानं सांगत. बहुतेक वेळा बरोबर सांगत. इतक्या वर्षांत पहिला भाग त्यांचा असा हाडात मुरला होता की मला कागद लागायचा, त्यांना नाही. काकू कॅलेंडरं दोरीवर चिमट्यांनी टांगायच्या, धुणं वाळत घालावं तशी, म्हणजे सरांना मागची ओळ हवी तर हात लांबवून ओढता येईल. येणारे जाणारे विचारायचे, मास्तर, कायचं वाळवण? काकू सांगायच्या, इलेक्ट्रॉनचं.

पण रीत त्यांनी सोडली नाही. पुस्तकानंच सांगितलं म्हणून चांदणी सोडली, पान समजल्याशिवाय उलटायचं नाही हे काही सोडलं नाही. मी दोन-तीनदा सुचवून पाहिलं, सर, ही पायरी मागाहून पाहू. ते ऐकू न आल्यासारखं करायचे.

शेवटच्या रविवारी एकच पान राहिलं होतं. उलटलं की मागच्या बाजूला तो आकडा, खाली, एका ओळीत एकटा. एक पायरी सरांच्या मनात बसेना. मी दोन कॅलेंडरं भरली. तिसरं भरलं. काकू म्हणाल्या, "उलटवा ना आता. पोरगी एवढ्या दुरून येते." उन्हं कलली होती आणि माझ्या बसची वेळ होत आली होती.

मी म्हटलं, "सर, मागच्या पानावर आकडाच आहे. एकदा ऐकून घ्या, मग ही पायरी पुढच्या रविवारी करू."

"आकडा मले माहीत हाय पोरी," सर म्हणाले. "आकडा त बबनलेबी माहीत हाय. ते कसं येते ते पाहाचं हाय मले. हे अजून मले दिसून नाई राह्यलं. नको उलटू."

गुरुवारी काकूंचा फोन आला. सर झोपेतच गेले होते. मयतीला बबनराव आले होते, सगळ्यात मागे उभे होते, आणि दोरीवरची कॅलेंडरं तेव्हाही कोणी काढली नव्हती.

ते गणित मी नंतर पूर्ण केलं. गेल्या वर्षी इथूनच एम.एस्सी.ला गेलेल्या एका हुशार पोराला रस्ता दाखवून दिला, काय घे, काय सोड. त्यानं दिवाळीच्या सुट्टीत ते करून आणलं आणि मला दाखवायला आला तेव्हा जत्रेतून आल्यासारखा दिसत होता. मी त्याला शाबासकी दिली. तो गेल्यावर त्याच्या कागदावरच्या त्या एका पायरीकडे बघत बसले. त्यानं ती एका ओळीत उडवली होती. उडवली तरी चालतं.

सरांची मयत मला फारशी आठवत नाही. आठवतो तो रविवार. बसचा हॉर्न ऐकू आला म्हणून मी पर्स उचलली, काकूंनी तुरीच्या शेंगांची पिशवी हातात दिली. फाटकापाशी जाऊन मी मागे वळून पाहिलं. सर पाठीमागे रेललेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. वर पंखा फिरत होता आणि वाऱ्यानं ते शेवटचं पान सारखं उचललं जात होतं. सरांनी न पाहताच हात पुढे केला, पान चाचपलं, आणि ते उलटू नये म्हणून त्याच्यावर तळवा दाबून बसले.